घंटा वाजवीत विद्यार्थ्यांना शोधणारा संत

(३ डिसेंबर : संत फ्रान्सिस झेवियर यांचा सण)



३ डिसेंबर हा संत फ्रान्सिस झेवियर यांचा सण. आपल्यापैकी अनेकांनी जुन्या गोव्याला बॉम जेझू बेसिलिकेत जाऊन त्यांच्या पवित्र अवशेषांचे दर्शन घेतले असेल. २१ नोव्हेंबर २०२४ ते ५ जानेवारी २०२५ या काळात झालेल्या दर्शनसोहळ्यालाही काहीजण गेले असतील. समुद्र ओलांडून आलेले, हजारो लोकांना बाप्तिस्मा देणारे महान मिशनरी म्हणून आपण त्यांना ओळखतो. परंतु त्यांच्या जीवनाची आणखी एक बाजू आहे. ते स्वतः विद्यार्थी होते, प्राध्यापक होते आणि विद्यार्थ्यांचा ध्यास त्यांना शेवटपर्यंत सुटला नाही.

आपले सोलापूर हे गिरण्यांचे आणि मागांचे शहर म्हणून ओळखले गेले. आज ते विद्यार्थ्यांचेही शहर आहे. दयानंद, संगमेश्वर, वालचंद अशी जुनी महाविद्यालये येथे आहेत. २००४ साली एका जिल्ह्यासाठी स्वतंत्र विद्यापीठ झाले, तेही येथेच. खेड्यापाड्यांतून आलेली शेकडो मुले-मुली येथे खोली घेऊन किंवा वसतिगृहात राहून शिकतात. त्यांच्याकडे पाहताना या संताची आठवण होणे साहजिक आहे.

पॅरिसमधील खोली

फ्रान्सिस यांचा जन्म ७ एप्रिल १५०६ रोजी नावार राज्यातील झेवियरच्या किल्ल्यात झाला. वडील राजाच्या दरबारी मोठ्या हुद्द्यावर होते. परंतु १५१२ मध्ये स्पेनने नावार जिंकले. १५१५ मध्ये वडील वारले आणि पुढच्याच वर्षी किल्ल्याचे बुरूज पाडण्यात आले. घराण्याची गेलेली प्रतिष्ठा विद्येच्या बळावर परत मिळवायची, असा निश्चय करून हा तरुण १५२५ साली पॅरिसला गेला आणि सेंट बार्ब महाविद्यालयात राहू लागला.

फ्रान्सिस हुशार होते, खेळात तरबेज होते, मित्रांमध्ये प्रिय होते. त्यांच्याच खोलीत पीटर फेबर नावाचा मेंढपाळाच्या घरातला शांत, अभ्यासू मुलगा राहत होता. १५२९ साली त्या खोलीत तिसरा माणूस राहायला आला. वय अडतीसच्या आसपास, पाय लंगडा, कपडे गरिबीचे. हे इग्नेशियस लोयोला. १५२१ साली पॅम्प्लोनाच्या लढाईत त्यांचा पाय जायबंदी झाला होता, आणि त्या लढाईत फ्रान्सिस यांचे भाऊ विरुद्ध बाजूला होते! फ्रान्सिस यांना हा नवा सोबती मुळीच रुचला नाही. त्याच्या साधेपणाची ते थट्टा करीत.

इग्नेशियस यांनी वाद घातला नाही. फ्रान्सिस १५३० साली पदवी मिळवून तत्त्वज्ञान शिकवू लागले, तेव्हा इग्नेशियस त्यांच्या वर्गासाठी विद्यार्थी शोधून आणीत. पैशांची अडचण आली की मदत करीत. आणि मधूनमधून प्रभू येशूचाच एक प्रश्न त्यांच्यापुढे ठेवीत : सारे जग हाती आले पण माणूस स्वतःच हरवला, तर त्याने मिळवले काय? फ्रान्सिस यांना पॅम्प्लोनाच्या कॅथेड्रलमध्ये मानाची जागा हवी होती. हा प्रश्न त्यांना टोचत राहिला. हे मन वळायला काही वर्षे लागली. पण वळले ते पूर्ण वळले. १५ ऑगस्ट १५३४ रोजी मोंमार्त्र टेकडीवरील लहानशा चॅपेलमध्ये सात मित्रांनी प्रभूला वचन दिले. येशूसंघाचे बीज तेथे पेरले गेले. फेबर आणि इग्नेशियस हेही पुढे संत झाले. एका खोलीतून ख्रिस्तसभेला तीन संत मिळाले!

चौकातला उपदेश

२४ जून १५३७ रोजी व्हेनिस येथे फ्रान्सिस यांना गुरुदीक्षा मिळाली. त्यानंतर या मित्रांनी एक वेगळाच निर्णय घेतला. इटलीतील विद्यापीठांच्या शहरांत जायचे आणि तेथील एखादा विद्यार्थी आपल्या सोबत येतो का ते पाहायचे. फ्रान्सिस आणि बोबादिया हे दोघे बोलोन्याला गेले. तेथील विद्यापीठ युरोपातील सर्वांत जुन्या विद्यापीठांपैकी एक.

तेथे फ्रान्सिस चौकांत उभे राहून उपदेश करू लागले. त्यांना इटालियन भाषा नीट येत नव्हती. स्वतःच्या भाषेतले शब्द मिसळून ते बोलत. ऐकणारे हसतही असतील. पण माणूस मनापासून बोलतो आहे, हे कळायला व्याकरण लागत नाही. त्या हिवाळ्यात ते तापाने खंगले, तरी आजाऱ्यांची व कैद्यांची सेवा आणि पापनिवेदन ऐकणे त्यांनी सोडले नाही.

उघड्यावर उभे राहून देवाविषयी सांगणे आपल्या जिल्ह्याला काही नवे नाही. पंढरपूरच्या वाळवंटात शेकडो वर्षे कीर्तने होत आली आहेत. ऐकणारा वाटेवरचा असतो, त्याला कोणी धरून ठेवलेले नसते. शब्द मनाला भिडला तर तो थांबतो, नाही तर पुढे जातो. फ्रान्सिस यांनी हीच परीक्षा आयुष्यभर दिली.

गोव्याची घंटा

पोर्तुगालच्या राजाने हिंदुस्थानासाठी धर्मगुरू मागितले. बोबादिया यांची निवड झाली होती, पण ते आजारी पडले आणि ऐनवेळी फ्रान्सिस यांना जावे लागले. ७ एप्रिल १५४१ रोजी, आपल्या पस्तिसाव्या वाढदिवशी, ते लिस्बनहून निघाले. तेरा महिन्यांच्या प्रवासानंतर ६ मे १५४२ रोजी गोव्यात उतरले.

ते पोपमहोदयांचे प्रतिनिधी होते. तरी ते राहिले इस्पितळात, आजाऱ्यांच्या शेजारी. तुरुंगात जात, रविवारी कुष्ठरोग्यांसाठी मिस्सा अर्पण करीत. आणि मग हातात घंटा घेऊन गोव्याच्या रस्त्यांवरून फिरत, मुलांना व गुलामांना हाका मारीत. मुले मागे लागली की त्यांना देवळात नेऊन विश्वासांगीकार, दहा आज्ञा आणि प्रार्थना चालीवर शिकवीत. तीच मुले घरी जाऊन आईबापांना शिकवीत.

त्या वर्षाअखेर ते दक्षिणेला मोती काढणाऱ्या परवा कोळ्यांच्या किनाऱ्यावर गेले. तामिळ येत नव्हते, म्हणून जाणकारांच्या मदतीने प्रार्थना तामिळमध्ये करवून घेतल्या आणि त्या पाठ केल्या. गावोगाव तीच घंटा वाजू लागली.

तेथील अनुभवानंतर १५ जानेवारी १५४४ रोजी कोचीनहून त्यांनी रोमला एक पत्र लिहिले. बाप्तिस्मा देता देता हात उचलेनासे होतात, असे त्यांनी कळवले. त्याच पत्रात विद्यार्थ्यांविषयीची तळमळ आहे. युरोपातील विद्यापीठांत, विशेषतः पॅरिसला जावे आणि वेड लागल्यासारखे ओरडत फिरावे, असे त्यांना वाटत होते. ज्यांच्याकडे विद्या आहे पण तिचा उपयोग इतरांसाठी करण्याची इच्छा नाही, त्यांना जागे करावे. आपल्या शिक्षणाचा हिशेब देव मागणार आहे, हे त्यांना सांगावे. फ्रान्सिस पुन्हा कधी पॅरिसला गेले नाहीत. पण ते पत्र १५४५ साली पॅरिसमध्ये छापले गेले. ज्या गल्ल्यांत त्यांनी मानमरातबाची स्वप्ने पाहिली होती, तेथे त्यांची हाक पोहोचली.

जपानमधील प्रश्न

गोव्यातील सेंट पॉल महाविद्यालयात अनेक देशांची, अनेक भाषांची मुले शिकत. त्यांत अंजिरो नावाचा जपानी होता. हातून खून झाल्यामुळे तो देश सोडून पळाला होता आणि मलाक्का येथे फ्रान्सिस यांना भेटला होता. १५४८ साली गोव्यात त्याचा बाप्तिस्मा झाला. त्याच्यासोबत १५ ऑगस्ट १५४९ रोजी फ्रान्सिस जपानमध्ये कागोशिमाला उतरले. तेथे मोठमोठी विद्यापीठे आहेत, असे त्यांनी ऐकले होते. त्यांतील विद्वानांना व विद्यार्थ्यांना भेटण्याची त्यांना फार ओढ होती.

यामागुची शहरात ते ब्रदर फर्नांडिस यांच्यासह दिवसातून दोनदा रस्त्यावर उभे राहत. फर्नांडिस जपानीत लिहिलेले पुस्तक वाचून दाखवीत आणि फ्रान्सिस शेजारी प्रार्थना करीत. मुले मागे लागून टिंगल करीत. १५५१ च्या जानेवारीत कडाक्याच्या थंडीत पायी चालत ते राजधानी क्योटोला पोहोचले. शहर युद्धाने उद्ध्वस्त झाले होते. हिएई पर्वतावरील प्रसिद्ध विद्यापीठाने या फाटक्या पाहुण्याला दारातच अडवले. सुमारे अकरा दिवसांनी ते परत फिरले.

हा पराभव त्यांनी नम्रपणे स्वीकारला आणि आपली पद्धत बदलली. यामागुचीच्या अधिपतीकडे ते चांगल्या पोशाखात, भेटवस्तू घेऊन गेले. राहायला एक रिकामा मठ मिळाला. आता लोक त्यांच्याकडे येऊ लागले आणि सकाळपासून रात्रीपर्यंत प्रश्न विचारू लागले. तेथेच त्यांना आपली एक मोठी चूक उमगली. अंजिरोने देवासाठी दाइनिची हा शब्द सुचवला होता, पण ते एका बौद्ध पंथाच्या बुद्धाचे नाव निघाले. चूक लपवून न ठेवता त्यांनी रस्त्यावर उभे राहून तो शब्द मागे घेतला. पुढे सुमारे पाचशे लोकांनी बाप्तिस्मा घेतला.

सर्वांत कठीण प्रश्न मात्र नवख्रिस्ती लोकांनी विचारला. सुवार्ता न ऐकताच गेलेल्या आमच्या आईबापांचे, पूर्वजांचे काय? त्या काळच्या शिकवणुकीप्रमाणे फ्रान्सिस त्यांना दिलासा देऊ शकले नाहीत. ते लोक रडले आणि त्यांचे अश्रू पाहून फ्रान्सिस यांनाही फार दुःख झाले. ज्यांनी स्वतःच्या दोषाविना ख्रिस्ताला ओळखले नाही, पण जे मनापासून देवाचा शोध घेतात, त्यांनाही तारण मिळू शकते, हे दुसऱ्या व्हॅटिकन महासभेने १९६४ साली स्पष्ट शब्दांत सांगितले. ज्यांचे आजे-पणजे ख्रिस्ती नव्हते, अशा आपल्यापैकी अनेकांना या शिकवणुकीचे मोल वेगळे सांगायला नको.

संतही माणूसच

संतांच्या उणिवाही प्रामाणिकपणे सांगितल्या पाहिजेत. १५४६ साली फ्रान्सिस यांनी राजाला पत्र लिहून गोव्यात इन्क्विझिशन आणण्याची विनंती केली. ते न्यायालय त्यांच्या मृत्यूनंतर १५६० मध्ये आले आणि त्यापायी अनेकांनी फार सोसले. सत्याच्या नावाखाली ख्रिस्ती लोकांनी वापरलेल्या बळजबरीबद्दल पोप जॉन पॉल दुसरे यांनी १२ मार्च २००० रोजी देवाची क्षमा मागितली. घंटा वाजवून बोलावणे वेगळे आणि जबरदस्ती करणे वेगळे. यांतील पहिलेच प्रभूच्या मार्गाचे आहे.

१५५२ साली ते गोव्यात परतले, तेव्हा सेंट पॉल महाविद्यालयात गोंधळ होता. रेक्टर आंतोनियो गोमिश यांनी येथील मुलांना काढून त्यांच्या जागी पोर्तुगीज तरुणांना घेतले होते. फ्रान्सिस यांनी हे चालू दिले नाही. या व इतर कारणांसाठी त्यांनी गोमिश यांना येशूसंघातून काढले आणि महाविद्यालयाचे दार येथील मुलांसाठी पुन्हा उघडले. याच महाविद्यालयात १५५६ साली भारतातील पहिला छापखाना सुरू झाला. आज जुन्या गोव्यात त्याच्या प्रवेशद्वाराची फक्त कमान उभी आहे.

शेवटचा सोबती

त्यानंतर ते चीनकडे निघाले. किनाऱ्याजवळच्या सान्शियान बेटावर, झोपडीत, तापाने फणफणत ३ डिसेंबर १५५२ रोजी त्यांनी प्राण सोडला. वय ४६ वर्षे. ज्या नावेची ते वाट पाहत होते, ती आलीच नाही. त्यांच्या उशाशी आंतोनियो नावाचा एक चिनी तरुण होता. तो सेंट पॉल महाविद्यालयातच शिकलेला होता. विद्यार्थ्यांसाठी झुरणाऱ्या या संताला अखेरच्या क्षणी साथ दिली ती एका विद्यार्थ्याने! १२ मार्च १६२२ रोजी ख्रिस्तसभेने त्यांना इग्नेशियस यांच्याबरोबर संत म्हणून घोषित केले.

बंधू-भगिनींनो, आज महाविद्यालयाच्या फाटकाशी घंटा वाजवीत उभे राहावे, असे कोणी म्हणणार नाही. तसे करणे शहाणपणाचेही नाही. पण चौकात उभे राहणाऱ्या फ्रान्सिस यांना आधी कोणीतरी खोलीत भेटले होते, हे विसरू नये. इग्नेशियस यांनी थट्टा सोसली, मदत केली, वाट पाहिली आणि योग्य वेळी योग्य प्रश्न विचारला.

आपल्या शहरात बाहेरगावाहून शिकायला आलेला एखादा तरुण रविवारी मिस्सेला शेवटच्या बाकावर बसून निघून जातो. त्याचे नाव आपण विचारले आहे का? सणाच्या दिवशी त्याला घरी जेवायला बोलावले आहे का? आपल्या मुलांना आपण गुण आणि पगार विचारतो. हे शिक्षण कोणाच्या उपयोगी पडणार, हा प्रश्नही विचारतो का? या आगमनकाळात प्रत्येक कुटुंबाने अशा एका विद्यार्थ्याची चौकशी केली, तर संत फ्रान्सिस झेवियर यांचा सण आपण खऱ्या अर्थाने साजरा केला असे होईल.

संत फ्रान्सिस झेवियर, आमच्या विद्यार्थ्यांसाठी विनंती कर.