म्हाताऱ्या नवरदेवाची फजिती

गोविंद बल्लाळ देवल सांगलीजवळच्या हरिपूरचे, जन्म 1855 चा. बेळगावात अण्णासाहेब किर्लोस्करांचे विद्यार्थी, पुढे त्यांच्याच नाटकमंडळीत तालीममास्तर. आर्थर मर्फीच्या 1761 च्या इंग्रजी प्रहसनावरून (तेही मोलियेरकडून उचललेले!) त्यांनी ‘फाल्गुनराव’ लिहिले. संशयी नवरा-बायकोची ही टवाळी पुढे पदे घालून ‘संशयकल्लोळ’ झाली. 1916 मध्ये देवल गेले.

पण त्यांचे खरे धाडस 1899 च्या ‘शारदा’त. 75 वर्षांच्या भुजंगनाथाला बोहल्यावर चढायचे आहे, मुलीचा बाप कांचनभट पैशाला भुललेला, मध्यस्थ भद्रेश्वर दीक्षित आपले साधून घेणारा. बँकेत हयात घालवलेल्या माझ्यासारख्याला हा व्यवहार ओळखीचा वाटतो: सगळ्यांच्या सह्या आहेत, जिचे आयुष्य गहाण पडते तिचीच नाही. असे जरठविवाह तेव्हा राजरोस लागत. तसले वर आणि तसले बाप प्रेक्षकांतही बसलेले असणारच. देवलांनी त्यांना उपदेश केला नाही, त्यांचे हसे केले.

मुलींच्या लग्नाचे किमान वय 14 ठरवणारा कायदा झाला 1929 मध्ये. त्याला नाव पडले हरबिलास सारडांचे. मराठी कानांना ते शारदेचेच वाटले असेल तर नवल नाही.