हर्मन बिग्ज

हर्मन मायकेल बिग्ज (२९ सप्टेंबर, १८५९ – २८ जून, १९२३) हे अमेरिकन डॉक्टर व सार्वजनिक आरोग्य प्रशासक होते. क्षयरुग्णांची माहिती आरोग्य खात्याला कळवणे न्यू यॉर्क शहरातील डॉक्टरांना बंधनकारक करण्यात त्यांचा पुढाकार होता.

सुरुवातीचे जीवन

बिग्ज यांचा जन्म न्यू यॉर्क राज्यातील ट्रुमन्सबर्ग येथे झाला. कॉर्नेल विद्यापीठाची पदवी घेतल्यानंतर १८८३ मध्ये ते बेलव्ह्यू हॉस्पिटल मेडिकल कॉलेजातून डॉक्टर झाले. १८९२ मध्ये युरोपातून कॉलरा येण्याच्या भीतीने शहराच्या आरोग्य खात्याने जीवाणुशास्त्राचा विभाग सुरू केला. त्याचे प्रमुखपद बिग्ज यांच्याकडे आले.

क्षयरोगाची नोंदणी

क्षयरोगाचा जीवाणू रॉबर्ट कॉख यांनी १८८२ मध्येच दाखवून दिला होता. तरीही हा रोग आनुवंशिक आहे, असे अनेक डॉक्टर मानत. तो संसर्गजन्य असून टाळता येतो, असा अहवाल बिग्ज व त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी १८८९ मध्ये आरोग्य खात्याला दिला. १८९४ मध्ये रुग्णालयांना क्षयरुग्णांची नोंद कळवणे सक्तीचे झाले. खासगी डॉक्टरांना मात्र केवळ विनंती करण्यात आली. १८९७ मध्ये ही सक्ती त्यांनाही लागू झाली.

या नियमाला डॉक्टरांच्या संघटनांनी तीव्र विरोध केला. रुग्णाचे गुपित राखणे हे डॉक्टरचे कर्तव्य असून नोंदणीमुळे त्याचा भंग होतो, हा त्यांचा मुख्य आक्षेप होता. रोगाचे नाव उघड झाल्यास कुटुंबाला कलंक लागेल आणि रुग्ण डॉक्टरकडे येणे टाळतील, अशीही भीती होती. बिग्ज यांनी सक्ती मागे घेतली नाही. परंतु नोंदी गोपनीय ठेवल्या. खासगी डॉक्टरांच्या रुग्णांच्या घरी त्यांच्या संमतीशिवाय निरीक्षक पाठवले जात नसत. डॉक्टरांना थुंकीची तपासणी विनामूल्य करून मिळे. त्यामुळे निदानास मदत होई आणि खात्याला रोगाचा प्रसार कळे.

राज्य आरोग्य आयुक्त

१९१४ मध्ये बिग्ज न्यू यॉर्क राज्याचे आरोग्य आयुक्त झाले. मृत्यूपर्यंत ते या पदावर होते.

महत्त्व

रुग्णाची गोपनीयता आणि समाजाचे संरक्षण यांतील सीमारेषेचा प्रश्न या वादातून ठळकपणे पुढे आला. रोगांच्या सक्तीच्या नोंदणीबाबत तो आजही उपस्थित होतो. भारतात क्षयरुग्णांची माहिती कळवणे २०१२ पासून खासगी डॉक्टरांनाही बंधनकारक आहे.