कुणी न घेतलेली गाडी

बग्गी बनवायचीय? मेकॅनिकलच्या पोरापोरींत हा विषय निघाला की पहिला प्रश्न ठरलेला: डोनर गाडी कुठली घ्यायची? डोनर म्हणजे जी जुनी गाडी खोलून तिचं इंजिन, गिअरबॉक्स, स्टिअरिंग, चाकं आपल्या नव्या गाडीला लावायची ती. मग कुणी जिप्सी म्हणतं, कुणी ओम्नी, कुणी मारुती ८००. वाद रंगतो, चहा संपतो आणि बग्गी काही होत नाही.

आज तुम्हाला अशा एका पोराची गोष्ट सांगायचीय, ज्याला हा वाद घालायची संधीच मिळाली नाही. त्याच्याकडे एकच गाडी उरली होती आणि तीही गिऱ्हाईक मिळेना म्हणून. पुढे याच माणसाच्या टीमने फॉर्म्युला वनमध्ये सात वेळा कन्स्ट्रक्टर्सचं जगज्जेतेपद मिळवलं. त्याचं नाव कॉलिन चॅपमन. लोटस कंपनी काढली ती त्यानेच.

चॅपमनचा जन्म १९ मे १९२८ चा, इंग्लंडमधल्या रिचमंडचा. वडील उत्तर लंडनमध्ये रेल्वे हॉटेल चालवायचे. दुसरं महायुद्ध संपलं तेव्हा तो युनिव्हर्सिटी कॉलेज लंडनमध्ये स्ट्रक्चरल इंजिनिअरिंग शिकत होता. शिकता शिकता एका मित्रासोबत त्याने जुन्या गाड्यांचा धंदा सुरू केला. गाडी घ्यायची, थोडी नीट करायची, वॉरन स्ट्रीटच्या बाजारात विकायची. बरे पैसे सुटत होते.

१९४७ च्या शेवटी सरकारने खासगी गाड्यांना मिळणारं पेट्रोलचं रेशन बंद केलं. आता पेट्रोलच नाही तर गाडी घेणार कोण? बाजार एका झटक्यात बसला. चॅपमनने पडेल त्या भावाला गाड्या फुंकल्या, कमावलेलं बरंच गमावलं. मागे राहिली एक जुनाट ऑस्टिन सेव्हन. त्यात डिग्रीही लटकली. मॅथ्सचा पेपर राहिला, तो पुन्हा देऊन १९४९ मध्ये एक वर्ष उशिरा तो इंजिनिअर झाला. तुमच्यापैकी ज्यांचा एम थ्री अजून निघायचाय, त्यांनी हे लक्षात ठेवा.

पडीक गाडीत काय होतं?

ऑस्टिन सेव्हन ही इंग्लंडची त्या काळची सामान्य माणसाची गाडी. १९२२ ते १९३९ या काळात सुमारे २ लाख ९० हजार बनल्या. इंजिन ७४७ सीसीचं, म्हणजे आपल्या मारुती ८०० च्या ७९६ सीसीपेक्षाही लहान. पण डोनर म्हणून तिच्यात तीन गोष्टी भारी होत्या. एक, वजनाला हलकी. दोन, गल्लोगल्ली असल्यामुळे पार्ट स्वस्तात मिळायचे आणि कुठलाही मेकॅनिक ती खोलू शकायचा. तीन, बॉडी आणि चासी वेगवेगळी. वरची बॉडी उचलून बाजूला ठेवली तरी खालची गाडी पळते. न्यूझीलंडच्या ब्रूस मॅकलॅरननेही पोरवयात रेसिंगची सुरुवात ऑस्टिन सेव्हननेच केली.

चॅपमनने नेमकं हेच केलं. मैत्रीण हेझल विल्यम्सच्या घरामागे एक छोटं गॅरेज होतं. तिथे जुनी बॉडी काढून फेकली आणि ॲल्युमिनियमचा पत्रा चिकटवलेल्या प्लायवूडची नवी बॉडी बांधायला घेतली. ऑस्टिनची चासी वाकायची, पिळायची. म्हणून विमानात असतात तसे आडवे पडदे बॉडीत बसवले, की बॉडीच चासीला ताठ ठेवेल. कॉलेजात शिकलेलं स्ट्रक्चर इथे कामाला आलं. हेझल शेवटपर्यंत कामात बरोबरीने होती. १९४८ मध्ये गाडी तयार झाली आणि तिचं नाव ठेवलं लोटस.

आता गंमत बघा. पहिली लोटस गुळगुळीत ट्रॅकसाठी बनलेलीच नव्हती. ती बनली ट्रायल्ससाठी. ट्रायल्स म्हणजे चिखलाचा, निसरडा चढ न थांबता चढून जायची स्पर्धा. जूनच्या पहिल्या पावसात भूम किंवा कळंबकडच्या काळ्या रानात ज्याने गाडी घातलीय, त्याला यातली कसरत वेगळी सांगायला नको. तिथे जास्त ताकद दिली की चाक जागेवरच फिरतं आणि वजन जास्त असलं की गाडी रुतते. हलकी गाडी निघून जाते. त्या वर्षी हेझलला शेजारी बसवून चॅपमन ट्रायल्समध्ये उतरला आणि बक्षिसं घेऊन आला.

उधारीच्या २५ पौंडांवर

१९५१ ची तिसरी लोटसही ऑस्टिन सेव्हनवरच बनली. त्या इंजिनात दोन-दोन सिलिंडरना मिळून एकच हवेची वाट होती. चॅपमनने ती आतून विभागून प्रत्येक सिलिंडरला स्वतंत्र वाट केली. गाडी इतरांच्या इतकी पुढे गेली की पुढच्या वर्षी नियम बदलून ही युक्ती बंद करावी लागली.

१९५२ मध्ये त्याने लोटस इंजिनिअरिंग सुरू केली. भांडवल म्हणून हेझलकडून घेतलेले २५ पौंड आणि जागा म्हणून वडिलांच्या हॉटेलमागचा तबेला. नोकरी चालूच होती, काम संध्याकाळी. आता तो इतरांसाठी किट विकू लागला. पाइपची हलकी फ्रेम लोटसची, इंजिन आणि बाकी सामान गिऱ्हाइकाने जुन्या फोर्डमधून काढून आणायचं. म्हणजे डोनर गाडीचा खेळ हाच त्याचा धंदा झाला. १९५४ मध्ये हेझलशी लग्न झालं. १९६३ मध्ये जिम क्लार्कने लोटसमध्ये जगज्जेतेपद मिळवलं आणि १९६५ मध्ये अमेरिकेची इंडियानापोलिस ५०० शर्यतही जिंकली.

हलकेपणाची किंमत

पण ही गोष्ट इथेच संपवली तर अर्धीच राहील. लोटस वेगवान असते आणि मोडते, अशी तिची ख्याती झाली. गाड्या नाजूक आहेत, अशी तक्रार ड्रायव्हर योखेन रिंटने १९६९ मध्ये पत्र लिहून चॅपमनकडे केली होती. १९७० मध्ये मोन्झाला सरावातच रिंट गेला. ब्रेकचा शाफ्ट तुटला होता आणि कडेचा कठडाही नीट बसवलेला नव्हता. त्या वर्षीचं जगज्जेतेपद त्याला मरणोत्तर मिळालं. चॅपमन १६ डिसेंबर १९८२ ला हार्ट अटॅकने गेला, वय ५४. त्यानंतर डीलोरियन गाडीच्या व्यवहारातल्या सरकारी पैशांच्या घोटाळ्यात त्याचं नाव आलं आणि त्याच्या कंपनीचा आर्थिक कारभार बघणारा माणूस १९९२ मध्ये तुरुंगात गेला.

मग आपण काय घ्यायचं? जिप्सीला स्वतंत्र चासी आहे, म्हणून बॉडी उतरवणं सोपं, पण वजन जास्त. मारुती ८०० ला वेगळी चासी नाही, फ्रेम स्वतःच बनवावी लागेल. मात्र तिचं इंजिन, गिअरबॉक्स आणि डिफरन्शियल एकाच गठ्ठ्यात निघतं. तो गठ्ठा ड्रायव्हरच्या मागे बसवला की मागची चाकं ओढतात. पार्ट कुठेही मिळतात. गाडी कुठलीही असो, कागदपत्रं आधी बघा. बॉडीतलं वजन हवं तेवढं उतरवा. ब्रेक, स्टिअरिंग आणि डोक्यावरचा रोल केज यांना मात्र हात लावू नका. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मुळे असली गाडी रस्त्यावर आणता येत नाही, २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टानेही ते स्पष्ट केलंय. तिची जागा स्वतःच्या रानात. स्पर्धाच करायची तर इंदूरजवळ पिथमपूरला २००७ पासून बाहा सुरू झालीय. तिथे इंजिन सगळ्यांना सारखंच असतं, फ्रेम मात्र पोरांनीच बनवलेली.

आणि ती पहिली लोटस? चॅपमनने ती विकली आणि पुढे तिचा पत्ताच लागला नाही. २०१८ मध्ये ७० वर्षं झाली तेव्हा ती शोधायला मदत करा, असं आवाहन जगभरच्या लोकांना केलं गेलं. कुणी सांगावं, एखाद्या गोठ्यात ताडपत्रीखाली पडली असेल. मालकाला वाटत असेल, या भंगाराला कोण घेणार?