बोलोन्यांतील एक उन्हाळा : संगीतकार मोझार्ट याचें अल्पचरित्र

परमेश्वरानें मनुष्यास जीं अनेक दानें दिलीं आहेत, त्यांत गायन-वादनाची कला हें एक थोर दान होय. परंतु दान मिळणें निराळें आणि त्या दानाचें चीज होणें निराळें. बीं कितीहि सकस असलें, तरी त्याची निगा राखणारा कोणी नसेल तर कणीस हातीं येत नाहीं. अठराव्या शतकांतील विख्यात संगीतकार वोल्फगांग आमादेउस मोझार्ट याच्या चरित्रांत हें तत्त्व फार स्पष्टपणें दिसून येतें. त्याचें नांव जगांत सर्वत्र झालें आहे. परंतु चौदाव्या वर्षीं त्यानें इटली देशांत जो उन्हाळा काढला, आणि तेथें एका वृद्ध संन्यस्त धर्मगुरूनें त्याच्यावर जे उपकार केले, त्यांची माहिती आपणांपैकीं थोड्यांसच असेल. आपल्या देवळाच्या महोत्सवप्रसंगीं ती हकीकत वाचकांपुढें ठेवावी, या हेतूनें हा लेख लिहिला आहे.

मोझार्टचा जन्म २७ जानेवारी १७५६ रोजीं, सध्यां ऑस्ट्रिया देशांत असलेल्या साल्झबुर्ग शहरीं झाला. त्या काळीं त्या शहरावर व भोंवतालच्या मुलखावर तेथील आर्चबिशपांचाच अंमल असे. दुसऱ्याच दिवशीं कथीड्रलांत बाळाचा बाप्तिस्मा झाला. जन्मदिवशीं संत योहान क्रिसोस्तोम यांचा सण होता, म्हणून बाळाच्या नांवांत त्या संताचें नांव प्रथम घातलें गेलें. बाप लिओपोल्ड हा आर्चबिशपांच्या वाद्यवृंदांत व्हायोलिन वाजवीत असे. तें वाद्य शिकविण्याविषयीं त्यानें लिहिलेला ग्रंथ मुलाच्या जन्माच्याच वर्षीं प्रसिद्ध झाला. आईचें नांव आना मारिया. या दांपत्यास सात मुलें झालीं; त्यांतील पांच तान्हेपणींच देवाघरीं गेलीं. नानर्ल ही मुलगी आणि वोल्फगांग हा मुलगा, एवढीं दोनच जगलीं.

पांचव्या वर्षीं हा मुलगा लहान लहान चिजा रचूं लागला. बापानें १७६३ पासून १७६६ पर्यंत दोन्ही मुलांस बरोबर घेऊन म्यूनिक, पॅरिस, लंडन अशा शहरांतून प्रवास केला. राजेरजवाडे थक्क होत. वाद्याच्या पट्ट्यांवर फडकें घालून वाजवावयास सांगितलें, तरी बाळ चुकत नसे. परंतु अशा कौतुकांत एक धोका असतो. नवलाचा मुलगा मोठा झाला म्हणजे नवल ओसरतें, आणि टाळ्या वाजविणारे दुसरीकडे वळतात. पुढें काय, हा प्रश्न सुज्ञ बापाच्या मनांत होता. त्या काळीं संगीताचें माहेरघर म्हणजे इटली. तेव्हां १३ डिसेंबर १७६९ रोजीं बापलेक इटलीच्या वाटेस लागले.

मिलान शहरीं येत्या नाताळाच्या हंगामासाठीं एक संगीत नाटक रचून देण्याचें काम मुलास मिळालें. मार्च महिन्यांत ते बोलोन्यास पोंचले, आणि तेथें फादर जोव्हान्नी बात्तिस्ता मार्तिनी यांचें प्रथम दर्शन झालें. फादर मार्तिनी हे फ्रान्सिस्कन संघाचे धर्मगुरु. त्यांचा जन्म बोलोन्यांतच १७०६ सालीं झाला होता. संगीताचा इतिहास लिहिण्यांत ते गढलेले असत, व त्यांच्या ग्रंथसंग्रहांत हजारों पुस्तकें होतीं. सर्व युरोपांतून विद्यार्थी त्यांजकडे येत. लंडनमध्यें ज्या योहान ख्रिस्तियान बाखनें लहानग्या मोझार्टला माया लावली होती, तोहि त्यांचाच शिष्य. फादरांनीं या मुलाचें नुसतें कौतुक केलें नाहीं. त्यांनीं कागदावर थोडे सूर लिहून दिले आणि त्यांवर फ्यूग रचावयास सांगितलें. फ्यूग म्हणजे एकाच सुरावळीचा निरनिराळ्या आवाजांनीं, एकामागून एक, नियम न मोडतां केलेला पाठलाग. मुलानें तें काम चोख करून दाखविलें.

पवित्र आठवड्यांतील बुधवारीं, ११ एप्रिल १७७० रोजीं, ते रोमला पोंचले. सिस्टाइन चॅपेलमध्यें त्या दिवसांत आल्लेग्री याची नऊ आवाजांची मिझेरेरे ही रचना गाइली जात असे. तिची प्रत बाहेर नेण्यास सक्त बंदी आहे, असा सर्वत्र समज होता. मुलानें ती ऐकिली आणि बिऱ्हाडीं येऊन स्मरणानें लिहून काढली. गुड फ्रायडेच्या दिवशीं पुन्हां जाऊन चुका तेवढ्या दुरुस्त केल्या. या पराक्रमाची वार्ता पुष्कळांनीं ऐकिली आहे. परंतु आपला विषय याच्या पुढचा आहे.

नेपल्सहून परत येतांना सत्तावीस तासांच्या सलग प्रवासांत गाडीचा घोडा पडला, व मुलास सांवरतांना लिओपोल्डच्या पायास मोठी जखम झाली. रोममधील बिऱ्हाडीं पोंचतांच मुलगा खुर्चीवर बसल्या बसल्या झोंपीं गेला. बापानें कपडे काढून त्यास अंथरुणावर निजविलें, तरी त्यास जाग आली नाहीं. जुलै महिन्याच्या आरंभीं परमपूज्य पोप क्लेमेंट चौदावे यांनीं त्यास सोनेरी आरेचा किताब बहाल केला. हे पोप महाशय स्वतः फादर मार्तिनींच्याच संघांतले होते. इतका बहुमान पावलेला हा बाल-सरदार २० जुलै रोजीं पुनः बोलोन्यांत आला तो जखमी बापासह.

आतां त्या उन्हाळ्याची गोष्ट. बापाच्या पायाची जखम लवकर भरेना. तेव्हां पाल्लाविचिनी नांवाच्या थोर घराण्यानें ऑगस्टच्या १० तारखेस त्या दोघांस शहराबाहेरील आपल्या वाडीवर नेऊन ठेविलें. तेथें कशाचीच वाण नव्हती. तलम चादरी, चांदीचीं भांडीं, ताजीं अंजिरें, खरबुजें व पीच; आणि मुलास खेळावयास त्याच्याच वयाचा त्या घरचा पुत्र. इटलींत लोक गाढवावर बसतात असें पाहून त्यानें तीहि मौज करून घेतली. परंतु या सुखांत त्याला एक दुःख होतें. वय वाढत होतें. हातपाय लांबले, कपडे आंखूड पडूं लागले, आणि आवाज फुटला. ज्या कोमल आवाजानें तो आपल्याच चिजा गाऊन दाखवी, तो आवाज गेला. वरचा सूरहि लागेना आणि खालचाहि लागेना. त्याचें त्यास फार वाईट वाटे. बाळपणाचें नवल संपत आल्याची ती खूण होती. बापाला ज्या दिवसाची भीति वाटत होती, तो दिवस उजाडला होता.

अशा स्थितींत ३० ऑगस्ट रोजीं बोलोन्यांतील सान जोव्हान्नी इन मोन्ते या देवळांत आक्कादेमिया फिलार्मोनिका या संगीतसंस्थेचा वार्षिक उत्सव झाला. ही संस्था १६६६ सालीं स्थापन झाली होती, आणि पादुआचे संत अंतोनी हे तिचे आश्रयदाते संत होत. उत्सवाची रीत मोठी मनोवेधक असे. सकाळची मिस्सा व तिसऱ्या प्रहरची व्हेस्पर्सची प्रार्थना यांचे भाग संस्थेच्या सभासदांनीं वांटून घ्यावयाचे; एकानें किरिये, दुसऱ्यानें ग्लोरिया, तिसऱ्यानें एखादें स्तोत्र, अशा रीतीनें प्रत्येकानें नवें संगीत रचावयाचें आणि तें स्वतः उभें राहून चालवावयाचें. त्या वर्षीं असे दहा रचनाकार होते, आणि गाणारे-वाजविणारे मिळून सुमारें शंभर. संगीताचा इतिहास लिहिण्यासाठीं हिंडत असलेले चार्ल्स बर्नी हे इंग्रज गृहस्थहि त्या दिवशीं तेथें हजर होते, व त्यांची या बापलेकांशीं भेट झाली.

त्या दहांत मोझार्टचें नांव नव्हतें. जेथें जाईल तेथें ज्यास लोकांनीं ऐकावें, तो मुलगा त्या दिवशीं इतरांचें ऐकत बसला. लहान वयांत कीर्ति मिळालेल्यास असे दिवस फार हितकर असतात. आपल्यासारखे कष्ट करणारे दहा जण एकाच प्रार्थनेंत आपापला वांटा घालतात, आणि प्रार्थना मात्र एकच राहते, हें त्यास तेथें प्रत्यक्ष पाहावयास मिळालें.

ऑक्टोबरच्या १ तारखेस ते वाडीवरून शहरांत परतले, आणि मग रोज फादर मार्तिनींकडे जाणें-येणें सुरू झालें. एखाद्या प्राचीन चालीवर चार आवाज कसे बांधावेत, कोणता सूर कोणत्या सुराजवळ शोभतो आणि कोणता शोभत नाहीं, याचे जुने, कडक नियम फादरांस मुखोद्गत होते. नवी पद्धत रमणीय होती. जुनी कठीण होती. मोझार्टला नवी आपोआप येत होती. जुनी कोणीतरी शिकविल्यावांचून येणारी नव्हती. साठी उलटलेल्या त्या विद्वान् पुरुषानें आपला वेळ या परक्या मुलावर खर्च केला. प्रत्येक शिक्षकानें ध्यानीं धरावी अशी ही गोष्ट आहे.

९ ऑक्टोबर १७७० रोजीं आक्कादेमियाच्या सभासदत्वासाठीं मोझार्टची परीक्षा झाली. वास्तविक वीस वर्षांखालील कोणासहि प्रवेश नसे. त्यास एक प्राचीन लॅटिन अँटिफोन देण्यांत आली. प्रथम देवाच्या राज्याचा शोध करावा, या अर्थाचें शुभवर्तमानांतील वचन तिच्यांत आहे. मुलास एका खोलींत कोंडलें, बापास दुसरीकडे बसविलें. तासाभराच्या आंत कागद तयार झाला. पांढऱ्या व काळ्या गोळ्यांनीं मतें घेतलीं, तों सर्व गोळ्या पांढऱ्या निघाल्या.

येथें एक गोष्ट सांगितली पाहिजे. मोझार्टनें स्वतः लिहिलेला कागद आणि फादर मार्तिनींनीं त्याच चालीची केलेली शुद्ध रचना, हे दोन्ही बोलोन्यांत आजवर जतन करून ठेविलेले आहेत. ते ताडून पाहतां मुलाच्या कागदांत जुन्या नियमांच्या चुका दिसतात. फादरांनीं त्यास सांवरून घेतलें, असें अभ्यासकांचें मत आहे. आणि संस्थेच्या दप्तरांत देखील परिस्थिति ध्यानीं घेतां रचना पुरेशी आहे, एवढाच शेरा आहे. कित्येक चरित्रकारांनीं हा भाग झांकून ठेविला. कित्येकांनीं त्याचा उपहास केला. आमच्या मतें दोन्ही योग्य नव्हे. चौदा वर्षांच्या मुलास सर्व येत नव्हतें, यांत लाज नाहीं. शुद्ध काय तें गुरूनें लिहून दाखविलें आणि शिष्यानें तें जन्मभर विसरलें नाहीं, यांत दोघांचीहि शोभा आहे. १२ ऑक्टोबर रोजीं फादरांनीं त्यास आपल्या हस्ताक्षरांत प्रशंसापत्र दिलें, आणि दुसऱ्या दिवशीं बापलेकांनीं बोलोन्या सोडलें. दोघांची पुन्हां भेट झाली नाहीं.

त्याच वर्षीं २६ डिसेंबरला मिलानमध्यें मित्रिदाते हें त्याचें संगीत नाटक रंगभूमीवर आलें आणि वीसांहून अधिक वेळां झालें. पुढें साल्झबुर्ग येथें नवे आर्चबिशप कोल्लोरेडो यांच्या पदरीं त्याची नोकरी चालू राहिली. ती त्यास सुखाची झाली नाहीं. ४ सप्टेंबर १७७६ रोजीं त्यानें फादर मार्तिनींस पत्र धाडून देवळासाठीं रचलेलें आपलें एक गीत तपासावयास पाठविलें. मोठ्या सणाची मिस्साहि पाऊण तासांत आटपावी असा आपल्याकडे हुकूम आहे, अशी तक्रारहि त्यांत होती. नामांकित झाल्यावरहि आपलें लिखाण जुन्या गुरूपुढें ठेवण्याची बुद्धि त्यास राहिली. वृद्ध फादरांनीं संतोष दर्शवून उत्तर लिहिलें. १७८४ सालीं त्यांस देवाज्ञा झाली.

पुढील चरित्र थोडक्यांत सांगतों. १७७८ सालीं पॅरिसमध्यें आई वारली, त्या वेळीं घरच्यांपैकीं जवळ एकटा मोझार्टच होता. १७८१ त नोकरी सोडून तो व्हिएन्नांत राहिला. ४ ऑगस्ट १७८२ रोजीं संत स्तेफन यांच्या कथीड्रलांत कॉन्स्टान्झ वेबर हिच्याशीं त्याचा विवाह झाला. सहा मुलांपैकीं दोन जगलीं. तो संत नव्हता. पैसा त्याच्या हातीं टिकत नसे. शेवटचीं वर्षें कर्जांत गेलीं. ख्रिस्तसभेनें निषिद्ध ठरविलेल्या फ्रीमेसन मंडळींतहि तो १७८४ सालीं सामील झाला. या गोष्टी लपविण्याचें कारण नाहीं. परंतु कामांत त्यानें कधीं कसूर केली नाहीं. १७८८ च्या एकाच उन्हाळ्यांत, विवंचनेनें ग्रासलेला असतां, त्यानें आपल्या तीन श्रेष्ठ सिंफनी लिहून पुऱ्या केल्या.

मरणापूर्वीं सहा महिने, जून १७९१ मध्यें, त्याची पत्नी प्रकृतीसाठीं बाडेन या लहान गांवीं राहिली होती. तेथील देवळाच्या गायकवृंदाचा प्रमुख आंतोन स्टोल हा त्याचा स्नेही. प्रभूच्या पवित्र शरीराचा सण जवळ आला होता. त्या स्नेह्यासाठीं त्यानें आव्हे व्हेरुम कोर्पुस हें पवित्र साक्रामेंताचें स्तवन रचलें. अवघे ४६ ताल-भाग. तीन-चार मिनिटांत संपणारें. गांवच्या साध्या गायकांस गातां यावें असें सोपें. परंतु शेवटाकडे स्त्रियांच्या आवाजामागून पुरुषांचे आवाज तीच सुरावट धरून येतात, तेथें बोलोन्यांतील जुना धडा जाणत्या कानास ओळखूं येतो. चार आवाज, एक प्रार्थना. कोणी कोणास झांकीत नाहीं. कठीण विद्या पूर्णपणें अंगीं मुरली म्हणजे ती अशी सोपी होऊन बाहेर येते.

त्याच वर्षीं ५ डिसेंबरच्या मध्यरात्रीनंतर, मृतांसाठींची मिस्सा अर्धवट लिहिलेली सोडून, पस्तिसाव्या वर्षीं मोझार्टनें देह ठेविला. संत मार्क्स येथील स्मशानभूमींत त्यास पुरलें. परंतु नेमकी जागा कोणती, हें पुढें कोणास सांगतां येईना. ती अर्धी राहिलेली मिस्सा त्याचा शिष्य झ्यूसमायर यानें पुरी केली.

वाचकहो, ज्याच्या थडग्यावर खूण राहिली नाहीं, त्याचें तें लहानसें स्तवन जगांतील असंख्य देवळांतून आजहि गाइलें जातें. मोठमोठ्या राजसभांसाठीं रचणारा हा पुरुष अखेरच्या वर्षीं एका खेड्याच्या गायकवृंदासाठीं लिहावयास बसला, आणि त्यास तें काम हलकें वाटलें नाहीं. आपल्या घरांतून, शाळांतून एखादें लेंकरूं गोड गळ्याचें वा कुशल हाताचें निघालें, तर नुसत्या टाळ्यांवर त्याची बोळवण करूं नये. त्यास शिस्त लावावी, चूक दाखवावी, आणि शुद्ध काय तें प्रेमानें लिहून द्यावें. फादर मार्तिनींनीं हेंच केलें. आणि जे आपल्या देवळांत रविवारमागून रविवार निमूटपणें गातात व वाजवितात, त्यांनीं आपली सेवा क्षुल्लक मानूं नये. देवाच्या राज्याचा शोध प्रथम करावा, हा चौदा वर्षांच्या मुलास घातलेला प्रश्न आपणां सर्वांसहि घातलेला आहे. त्याचें उत्तर शुद्ध लिहिण्याची शक्ति प्रभु आपणांस देवो, हेंच त्याच्या चरणीं मागणें.