गिल्बर्ट न्यूटन लुईस : दोन ठिपक्यांमागचा माणूस

सहसंयुज बंध दाखवताना तुम्ही दोन अणूंच्या मध्ये दोन ठिपके काढता ना? ती पद्धत अमेरिकन रसायनशास्त्रज्ञ गिल्बर्ट न्यूटन लुईस यांची.

लुईस यांचा जन्म 1875 चा. हार्वर्डमध्ये शिकले, तिथेच शिकवूही लागले. 1902 मध्ये आवर्ती नियम समजावताना त्यांनी अणू चक्क घनासारखा काढला. घनाला कोपरे आठ, म्हणून बाह्यतम कवचात इलेक्ट्रॉनही जास्तीत जास्त आठ! पण हे त्यांनी छापलं नाही. कागद 14 वर्षं पडून राहिले.

1916 मध्ये, बर्कले इथे असताना, त्यांचा प्रसिद्ध लेख आला. दोन अणू इलेक्ट्रॉनांची एक जोडी दोघांत मिळून वापरतात, ती जोडी म्हणजेच बंध. एवढी साधी गोष्ट! पण घनाचं चित्र इथे अडलं. दोन घन एका कडेने जोडले की एकेरी बंध, पृष्ठाने जोडले की दुहेरी. मग तिहेरी बंध कसा दाखवणार? घनाने ते जमेना. तेव्हा त्याच लेखात लुईस यांनी आठ कोपरे सोडून चार जोड्या धरल्या आणि त्या चतुष्फलकाच्या चार कोपऱ्यांवर ठेवल्या. (चतुष्फलक म्हणजे चार त्रिकोणी पृष्ठांचा आकार.) आता दोन चतुष्फलक कोपऱ्याने जोडा, कडेने जोडा, पृष्ठाने जोडा : एकेरी, दुहेरी, तिहेरी! पुठ्ठ्याचे दोन करून बघाच.

मिथेनचा आकार असाच आहे. पाण्यातही ऑक्सिजनभोवती चार जोड्याच असतात, पण हायड्रोजन दोघांवरच. म्हणून पाण्याचा रेणू सरळ नाही, वाकडा आहे. कोन सुमारे 104.5 अंश. वहीतले ठिपके सपाट असतात, रेणू नसतो, हे विसरू नका बरं का.

दोन ऋणप्रभारित इलेक्ट्रॉन जवळ येतातच कसे, याचं नीट उत्तर लुईस यांच्याकडे नव्हतं. ते पुढे पुंजयामिकीने दिलं.

1919 पासून अर्विंग लँगम्यूर यांनी ही कल्पना व्याख्यानांतून इतकी गाजवली, की श्रेयात त्यांचंही नाव जोडलं गेलं. लुईस यांना ते लागलं. लँगम्यूरना 1932 मध्ये वेगळ्या कामासाठी नोबेल मिळालं, लुईस यांचे विद्यार्थी हॅरॉल्ड युरी यांना 1934 मध्ये. लुईस यांचं नाव कितीतरी वेळा सुचवलं गेलं. पारितोषिक मात्र एकदाही नाही. माझ्या मते हा अन्यायच.

23 मार्च 1946 रोजी बर्कलेच्या प्रयोगशाळेतच त्यांचं निधन झालं. त्या दिवशी ते हायड्रोजन सायनाइडवर प्रयोग करत होते. त्याची ठिपका संरचना काढा; एकूण ठिपके 10 यायला हवेत.