छोट्या वाघिणींचा निर्माता : फ्रँक हॉर्नबी

मुलांनो, रेल्वेचे फाटक बंद झाले म्हणून तुम्ही कधी थांबला आहात का? समोरून मालगाडी जाऊ लागली की आपण नकळत तिचे डबे मोजू लागतो. प्रवासी गाडीचे डबे बहुतेक एकसारखे असतात. मालगाडीचे तसे नसते. कोळशाचा डबा वरून उघडा असतो. तेलाचा डबा आडव्या पिंपासारखा गोल असतो. धान्याच्या डब्याला मोठा दरवाजा असतो. मालगाडीच्या या डब्याला मराठीत वाघीण म्हणतात. या शब्दाचा जंगलातील वाघिणीशी काही संबंध नाही बरे! इंग्रजीतील वॅगन हा शब्द लोकांच्या तोंडी रुळला आणि त्याची वाघीण झाली.

अशा वाघिणी हातात धरता येतील एवढ्या लहान करून त्या मुलांच्या खेळात आणणाऱ्या एका माणसाची ही हकिकत आहे. त्यांचे नाव फ्रँक हॉर्नबी.

फ्रँक यांचा जन्म १५ मे १८६३ रोजी इंग्लंडमधील लिव्हरपूल या शहरात झाला. लिव्हरपूल हे मोठे बंदर. जगभरातून तेथे जहाजे येत. त्यांतून कापूस, धान्य, साखर, लाकूड असा माल उतरवला जाई. फ्रँक जन्मले त्या वर्षी अमेरिकेत यादवी युद्ध चालू होते. तेथला कापूस येईनासा झाला, म्हणून इंग्लंडच्या गिरण्यांना दुसरीकडून कापूस हवा होता. तेव्हा आपल्या वऱ्हाडातला आणि खानदेशातला कापूस मुंबई बंदरातून लिव्हरपूलला जाऊ लागला. जहाजातून उतरलेला माल मालगाड्यांत भरला जाई व आतल्या शहरांकडे रवाना होई. लिव्हरपूल ते मँचेस्टर ही रेल्वे तर १८३० सालीच सुरू झाली होती. गोदीतल्या उंच याऱ्या म्हणजे क्रेन, पूल आणि मालगाड्या हे सारे फ्रँकच्या गावातले नेहमीचे दृश्य होते.

फ्रँकचे वडील खाद्यपदार्थांचे व्यापारी होते. सोळाव्या वर्षी फ्रँकने शाळा सोडली आणि तो वडिलांच्या धंद्यात रोखपालाचे काम करू लागला. त्याला वेड होते ते यंत्रांचे. संशोधकांनी किती कष्ट सोसले, याच्या गोष्टी त्याने पुस्तकात वाचल्या होत्या. एकदा सुरू केले की कधीच न थांबणारे यंत्र बनवण्याचा त्याने खूप प्रयत्न केला. असे यंत्र बनूच शकत नाही, हे विज्ञानाच्या पुस्तकात तुम्ही पुढे शिकाल. फ्रँकचे यंत्रही चालले नाही.

१८८७ साली त्यांचे लग्न झाले. पत्नी क्लारा या शिक्षिका होत्या. पुढे त्यांना दोन मुलगे व एक मुलगी झाली. १८९९ साली वडील वारले आणि घरचा धंदा बंद पडला. हॉर्नबी यांनी परदेशातून मांस मागवणाऱ्या एलियट नावाच्या व्यापाऱ्याकडे हिशेबनिसाची नोकरी धरली. तेव्हा त्यांचे वय छत्तीस वर्षांचे होते. हातात कारखाना नाही, गाठीला पैसा नाही, अभियंत्याचे शिक्षण नाही. दिवसभर वहीत आकडे लिहायचे आणि संध्याकाळी घरी यायचे, असा त्यांचा दिनक्रम होता.

संध्याकाळी मात्र ते आपल्या मुलांसाठी खेळणी बनवत. पत्रा कापून त्यांनी पूल केले, गाड्या केल्या, छोटी यारी केली. पण एक अडचण येई. यारीसाठी कापलेला तुकडा फक्त यारीलाच बसे. मुलांना यारीचा कंटाळा आला की सारी मेहनत वाया जाई. नव्या खेळण्यासाठी पुन्हा पत्रा कापावा लागे.

एका लांबच्या रेल्वेप्रवासात ते याच गोष्टीचा विचार करत होते. विचार करता करता त्यांना उपाय सुचला. सर्व पट्ट्या एकाच रुंदीच्या ठेवल्या आणि त्यांना सारख्या अंतरावर भोके पाडली, तर कोणतीही पट्टी कोणत्याही पट्टीला जोडता येईल! त्यांनी अर्धा इंच रुंदीच्या पट्ट्या कापल्या आणि दर अर्ध्या इंचावर भोक पाडले. जोडण्यासाठी लागणारे नट आणि बोल्टही त्यांनी सुरुवातीला स्वतःच तयार केले. त्याच भोकांतून चाकांचे आस घालता येत. आता आज यारी करा, उद्या ती खोला आणि त्याच तुकड्यांचा पूल करा. कल्पना किती साधी आहे पाहा!

ही कल्पना दुसऱ्याने उचलू नये म्हणून सरकारकडे तिची नोंद करणे गरजेचे होते. या नोंदीला पेटंट म्हणतात. त्यासाठी लागणारे पाच पौंडही हॉर्नबी यांच्याजवळ नव्हते. ते पैसे त्यांचे मालक एलियट यांनी उसने दिले. जानेवारी १९०१ मध्ये पेटंटचा अर्ज गेला. काम करायला आपल्या कचेरीशेजारची रिकामी जागाही एलियट यांनी दिली. या मालकाचे नाव लोक आज विसरले आहेत, हे मला बरोबर वाटत नाही.

१९०२ साली खेळण्याचा पहिला संच बाजारात आला. त्यात सोळा प्रकारचे भाग होते आणि बारा वस्तू कशा बनवायच्या याची माहिती देणारे पत्रक होते. किंमत होती साडेसात शिलिंग. गरीब घरच्या मुलांना ती परवडणारी नव्हती. दुकानदारही लवकर तयार होत नसत. पत्र्याच्या या भोके पाडलेल्या पट्ट्यांशी मुले खेळतील, यावर त्यांचा विश्वास बसेना. पहिली काही वर्षे नफा झाला नाही. १९०६ साली प्रथमच थोडा नफा दिसला. तोपर्यंत हॉर्नबी दिवसा दुसऱ्याचे हिशेब लिहीत होते आणि उरलेल्या वेळात आपला उद्योग सांभाळत होते. १९०७ साली त्यांनी नोकरी सोडली व स्वतःचा कारखाना काढला. वय चव्वेचाळीस, घरी बायकामुले, आणि दरमहाचा पगार बंद! त्याच वर्षी त्यांनी आपल्या खेळण्याला मेकॅनो हे नाव दिले. हे नाव पुढे जगभर पोचले. १९१४ साली लिव्हरपूलच्या बिन्स रोडवर मोठा कारखाना उभा राहिला.

त्या काळी खेळण्यातल्या आगगाड्या मुख्यतः जर्मनीतून येत. न्यूरेंबर्ग हे शहर त्यांसाठी प्रसिद्ध होते. १९१४ साली पहिले महायुद्ध सुरू झाले आणि जर्मनीचा माल इंग्लंडमध्ये येणे बंद झाले. युद्ध संपल्यावर हॉर्नबी यांनी ठरवले की आगगाडी आपणच करायची. १९२० साली त्यांची पहिली गाडी विक्रीस आली. ती चावी देऊन चालवायची होती. इंजिन, त्यामागे कोळशाचा टेंडर आणि त्यामागे एकच उघडी वाघीण, एवढाच त्या मालगाडीचा संच. रुळांतील अंतर ३२ मिलिमीटर होते. खऱ्या इंग्लिश रेल्वेच्या रुळांतील अंतर १४३५ मिलिमीटर असते. भागाकार करून पाहा, साधारण पंचेचाळिसावा भाग येतो.

ती पहिली वाघीण मोठी मजेदार होती. ती नटबोल्टांनी जोडलेली होती. मुलाला वाटले तर ती पूर्ण खोलता येई आणि पुन्हा जोडता येई. रेल्वे कंपनीच्या नावाची धातूची अक्षरेही वेगळी करून तिच्या बाजूंना बसवलेली होती. मेकॅनोची कल्पनाच रुळांवर आली होती म्हणा ना!

पण एका वाघिणीने मुलांचे समाधान कसे होणार? इंजिन गोल गोल फिरते, थोड्या वेळाने मुलाला कंटाळा येतो. माल भरायचा असेल, उतरवायचा असेल, डबे वेगळे करून दुसऱ्या रुळावर न्यायचे असतील, तर खेळ तासन्‌तास चालतो. हॉर्नबी यांच्या कारखान्याने हे ओळखले आणि नवनव्या वाघिणी काढल्या. दुधाच्या वाघिणीचे दरवाजे सरकत आणि आत दुधाचे छोटे कॅन ठेवलेले असत. गुरांची वाघीण होती. साखळीने बांधलेली पिंपे वाहून नेणारी वाघीण होती. ओंडके वाहणारी होती, बंदुकीच्या दारूची लाल वाघीण होती, आणि एका बाजूला कलंडून माल ओतणारीही होती. एका वाघिणीवर हाताने फिरवायची यारी बसवली होती. शेल कंपनीच्या तेलाची लाल टाकी होती. बिस्किटांच्या कंपन्यांची नावे लिहिलेले बंद डबे होते. बर्फात थंड ठेवलेल्या मालाची वाघीण होती, मांसाचीही होती. परदेशी मांसाचे हिशेब लिहिणाऱ्या माणसाच्या कारखान्यात मांसाची वाघीण व्हावी, हा योगायोग मला फार आवडतो.

या वाघिणी अगदी हुबेहूब नव्हत्या, हेही सांगायला हवे. घरातल्या फरशीवर रूळ मांडायचे म्हणजे वळण फार छोटे येते. लांब डबा अशा वळणावर रुळावरून घसरतो. म्हणून डबे आखूड केले जात आणि बहुतेकांना चारच चाके असत. पण नाव आणि रंग यांची काळजी घेतली जाई. १९२३ साली इंग्लंडमधील अनेक रेल्वे कंपन्या एकत्र करून चार मोठ्या कंपन्या बनवण्यात आल्या. तेव्हा खेळण्यातल्या वाघिणींवरची अक्षरेही बदलली. मोहरीच्या पुडीसाठी प्रसिद्ध असलेल्या कोलमन कंपनीच्या नावाचा एक पिवळा डबा थोडाच काळ निघाला. आज संग्रह करणारे लोक तो शोधत फिरतात आणि मिळाला तर भारी किंमत देतात. ज्या मुलाने तो फरशीवर आपटून मोडला असेल, त्याला हे कुठे ठाऊक होते?

१९२५ साली विजेवर चालणारी गाडी आली. १९२८ साली रेल्वेचा खेळ खेळणाऱ्या मुलांचा एक संघ स्थापन झाला. त्याच्या शाखा गावोगावी निघाल्या. १९३३ सालच्या अखेरीस, रेल्वेच्या खेळात रुळांशेजारी ठेवण्यासाठी लहान मोटारी, ट्रॅक्टर आणि मालमोटार बाजारात आली. १९३४ पासून त्या डिंकी टॉइज या नावाने विकल्या जाऊ लागल्या आणि रेल्वेला सोडून स्वतंत्रपणे गाजल्या.

हॉर्नबी आता श्रीमंत झाले होते. १९३१ साली लिव्हरपूलच्या एव्हर्टन भागातून ते ब्रिटिश पार्लमेंटवर निवडून गेले. १९३५ च्या निवडणुकीत ते उभे राहिले नाहीत. २१ सप्टेंबर १९३६ रोजी त्यांचे निधन झाले. लिव्हरपूलजवळच्या मॅगल या गावी त्यांची कबर आहे.

त्यांच्यामागे थोरला मुलगा रोलंड याने कारभार पाहिला. १९३८ साली पहिल्या गाडीच्या जवळजवळ निम्म्या आकाराची गाडी निघाली. तिच्या रुळांतील अंतर साडेसोळा मिलिमीटर होते. आता फरशी अडवून ठेवायला नको, मोठ्या टेबलावर संपूर्ण स्टेशन मांडता येई. या गाडीच्या वाघिणींचा खालचा सांगाडा साच्यात ओतलेल्या धातूचा होता आणि वरचा भाग छापील पत्र्याचा होता. पुढे दुसरे महायुद्ध आले आणि कारखाना युद्धाचे सामान बनवू लागला. युद्धानंतर हळूहळू पत्र्याची जागा प्लॅस्टिकने घेतली. १९६४ साली कंपनी दुसऱ्या मालकांकडे गेली. १९७९ साली बिन्स रोडचा कारखाना कायमचा बंद झाला. तेथे हयात घालवलेल्या कामगारांना तो दिवस किती जड गेला असेल!

हॉर्नबी हे नाव मात्र बंद पडले नाही. त्या नावाची कंपनी अजूनही गाड्या काढते. २०२२ साली तिने आणखी लहान मापाच्या गाड्यांची घोषणा केली. त्या खऱ्या गाडीच्या एकशेविसाव्या भागाएवढ्या असतात आणि त्यांच्या रुळांतील अंतर फक्त १२ मिलिमीटर असते. आता मुलांइतकेच मोठे लोकही या छंदात रमतात. घरात जागा कमी, म्हणून त्यांना लहान गाड्या हव्या असतात; पण त्यांना आखूड केलेली वाघीण चालत नाही. प्रत्येक माप खऱ्याप्रमाणे पाहिजे, असा त्यांचा हट्ट असतो. समजा, खरी वाघीण ५ मीटर लांब आहे. १९२० च्या मापाने ती सुमारे ११ सेंटीमीटर होईल, १९३८ च्या मापाने साडेसहा सेंटीमीटर, आणि या नव्या मापाने जेमतेम चार सेंटीमीटर, म्हणजे तुमच्या खोडरबराएवढी. तिच्या बाजूंवरही कंपनीचे नाव आणि वाघिणीचा क्रमांक छापलेला असतो. तो वाचायला भिंग घ्यावे लागते.