शून्यापेक्षा सोळा

मित्रांनो, आधीच सांगून ठेवते, माझं शिक्षण पहिल्यापासून कॉन्व्हेंटमध्ये झालंय. त्यामुळे र्‍हस्व-दीर्घाच्या चुका सापडल्या तर संपादक मंडळाला धरा, मला नाही.

गेल्या वर्षी आमच्या मुलींच्या फुटबॉल टीमने लीगमध्ये एकही गोल खाल्ला नव्हता. मी स्टॉपर. कॉलर एकदम ताठ! मग सेमीफायनलला चार गोल बसले, आणि मेसमध्ये वादाला तोंड फुटलं. मुलं म्हणाली, तुमचा डिफेन्स भारी नव्हताच, तुमचा पूल सोपा होता. आम्ही म्हणालो, शून्य म्हणजे शून्य. हे भांडण मी माझ्या मावसभावाला फोनवर सांगितलं. तो अमेरिकेत टेनेसी राज्यात, नॉक्सव्हिलला एम.एस. करतोय. तो हसला आणि म्हणाला की याच भांडणाचा बाप आमच्या गावात पुतळा होऊन बसलाय. नाव रॉबर्ट नीलंड.

मला वाटलं असेल कुणी खेळाडू. निघाला इंजिनियर!

नीलंड यांचा जन्म 17 फेब्रुवारी 1892 चा, टेक्सासमधल्या ग्रीनव्हिल गावचा. थोडे दिवस टेक्सास ए अँड एम कॉलेजात काढून ते वेस्ट पॉइंटच्या लष्करी अकॅडमीत गेले. तिथे फुटबॉल, बेसबॉल, बॉक्सिंग, सगळीकडे हा माणूस पुढे. 1916 मध्ये पास होऊन आर्मीच्या इंजिनियर कोअरमध्ये दाखल झाले. पहिल्या महायुद्धात फ्रान्सला गेले, परत आल्यावर एम.आय.टी.त शिकले आणि वेस्ट पॉइंटचे प्रमुख डग्लस मॅकआर्थर यांचे एडीसी झाले. (हो, तेच मॅकआर्थर.) 1925 मध्ये त्यांची बदली नॉक्सव्हिलला, टेनेसी विद्यापीठात झाली. हुद्दा लष्करी शिक्षकाचा, आणि जोडीला फुटबॉलचा असिस्टंट कोच. पुढच्याच वर्षी ते हेड कोच झाले.

त्यांना नेमणारे नेथन डॉहर्टी हे सिव्हिलचे प्राध्यापक होते. माझी ब्रँच! काम एकच दिलं होतं, व्हँडरबिल्टला हरवा. व्हँडरबिल्ट म्हणजे त्याच राज्यातलं नॅशव्हिलचं विद्यापीठ. 1925 पर्यंत टेनेसीला त्यांच्याविरुद्ध जेमतेम दोन मॅच जिंकता आल्या होत्या. 1926 मध्ये नीलंडही हरले, 20-3. 1927 ला बरोबरी, 7-7. 1928 ला जिंकले, 6-0. त्यानंतर व्हँडरबिल्टचे दिवस फिरले ते फिरलेच. पहिल्या सात सीझनमध्ये नीलंड एकूण दोनच मॅच हरले.

आता हा खेळ आपला फुटबॉल नव्हे, तर तो अंडाकृती बॉल हातात घेऊन पळायचा, हेल्मेटवाला. मला तो समजला कबड्डीमुळे. कबड्डीसारखाच हा जमिनीचा खेळ आहे. मैदान 100 यार्डांचं. बॉल ज्यांच्याकडे त्यांना चार प्रयत्नांत 10 यार्ड पुढे सरकायचं असतं. जमलं तर पुन्हा चार प्रयत्न, नाही जमलं तर बॉल समोरच्यांचा.

नीलंड यांचं डोकं इथे चाललं. आपल्याला वाटतं, बॉल आपल्याकडे ठेवावा. हे म्हणायचे, जागा वाईट असेल तर बॉल देऊन टाका, पण लांब नेऊन द्या! प्रयत्न शिल्लक असतानाच त्यांचा खेळाडू अचानक बॉल लांब लाथाडायचा आणि समोरच्या टीमला आपल्याच गोललाइनजवळून सुरुवात करावी लागायची. याचं गणित आपण रिलायबिलिटीत शिकतो. समजा एक चाल यशस्वी व्हायची शक्यता 0.9 आहे. भारीच की! पण सलग दहा चाली यशस्वी व्हायला हव्या असतील तर 0.9 चा दहावा घात, म्हणजे साधारण 0.35. लांबून येणारा मधे कुठेतरी चुकणारच, आणि तो चुकेपर्यंत आपण चुकायचं नाही. समोरच्याची चूक ही त्यांच्या खेळात योजनेचाच भाग होती. अशी काही सूत्रं त्यांनी लिहून ठेवली होती. टेनेसीचे खेळाडू आजही मॅचआधी ती एका सुरात म्हणतात.

याचा निकाल आकड्यांत बघा. नीलंड यांनी कोच म्हणून 216 मॅच खेळवल्या. 173 जिंकल्या, 31 हरल्या, 12 बरोबरीत. त्यांतल्या 112 मॅचमध्ये समोरच्यांना एकही पॉइंट मिळाला नाही. 1938 ते 1940 या काळात तर नियमित सीझनच्या सलग 17 मॅच शून्यावर.

आणि मुकुटमणी 1939 चा सीझन. दहा मॅच, टेनेसीचे 212 पॉइंट, विरोधकांचे 0. अख्ख्या सीझनमध्ये शून्य! मोठ्या कॉलेजांपैकी त्यानंतर आजवर कुणालाही हे जमलेलं नाही. पोस्टरवर छापायचं असेल तर हाच आकडा छापतील.

पण मेसमधला प्रश्न इथेही येतोच, पूल कसा होता?

टेनेसी ज्या कॉन्फरन्समध्ये होती तिचं नाव साउथईस्टर्न, म्हणजे एसईसी. 1932 च्या डिसेंबरमध्ये 13 कॉलेजांनी जुन्या सदर्न कॉन्फरन्समधून फुटून ती काढली, तीसुद्धा नॉक्सव्हिलमध्येच बसून. आपल्या झोनसारखं समजा, फक्त यात सगळे सगळ्यांशी खेळतातच असं नाही. गोची तिथेच आहे. 1939 मध्ये एसईसीत तीन टीम आपापसातली एकही मॅच न हरता संयुक्त विजेत्या ठरल्या: टेनेसी, टुलेन आणि जॉर्जिया टेक. टेनेसी बाकीच्या दोघांशी खेळलीच नाही! मी दहाही मॅच वहीत उतरवल्या. सिवॉनी, चॅटनूगा, मर्सर आणि सिटाडेल या चार दुबळ्या टीमच्या विरुद्धच 119 पॉइंट आहेत. उरलेल्या सहांविरुद्ध 93. त्यात अलाबामाला 21-0, केंटकीला 19-0 हे मात्र खरेखुरे विजय. म्हणजे शून्य खोटा नाही, पण त्यात भेसळ आहे.

पेपरवाल्यांच्या मतदानातही टेनेसी दुसरी आली. पहिली टेक्सास ए अँड एम, म्हणजे नीलंड यांचंच जुनं कॉलेज. त्यांनी नियमित सीझनमध्ये 18 पॉइंट दिले होते, तरी पहिली. पुढे त्याच ए अँड एमने टुलेनला हरवलं ते फक्त एका पॉइंटने, 14-13. आता सांगा कोणाची कॉन्फरन्स भारी! ज्याला जे हवं ते यातून निघतं.

सीझन संपल्यावर निमंत्रणावरून मोठ्या मॅच होतात, त्यांना बोल म्हणतात. 1 जानेवारी 1940 ला कॅलिफोर्नियात रोझ बोलमध्ये सदर्न कॅलिफोर्नियाने टेनेसीला 14-0 ने हरवलं. टेनेसीचा हिरो जॉर्ज कॅफेगो गुडघ्याने जायबंदी होता, हे खरं. पण एक वर्ष आधी तिथेच, याच सदर्न कॅलिफोर्नियाने ड्यूकला 7-3 ने हरवलं होतं, आणि ड्यूकनेही त्या नियमित सीझनमध्ये एकही पॉइंट दिला नव्हता. लागोपाठ दोन वर्षं, दोन शून्यं, आणि दोन्ही एकाच ठिकाणी फुटली.

अजून एक गोष्ट पोस्टरवर नसते. त्या वेळी एसईसीत कृष्णवर्णीय खेळाडूंना जागाच नव्हती. त्याच 1939 मध्ये कॅलिफोर्नियात यूसीएलएकडून केनी वॉशिंग्टन आणि जॅकी रॉबिन्सन खेळत होते, आणि सदर्न कॅलिफोर्नियाशी त्यांची मॅच 0-0 सुटली. ती जिंकले असते तर टेनेसीसमोर तेच आले असते. टेनेसीच्या टीममधून पहिला कृष्णवर्णीय खेळाडू मैदानात उतरला 1968 मध्ये. नीलंड यांच्या हयातीत नाहीच. ज्यांना दारातून आतच घेतलं नाही, त्यांना अडवून दाखवलं असं कसं म्हणणार? त्यांच्याबद्दल कितीही आदर असला तरी मला हे वगळता येत नाही.

मग माझा निकाल काय? माझी टीम 1938 ची. अकरा मॅच, अकरा विजय, आणि दिलेले पॉइंट 16. सोळा! पण त्यातली शेवटची मॅच ऑरेंज बोल होती, समोर दहाच्या दहा जिंकून आलेली, देशात चौथ्या क्रमांकाची ओक्लाहोमा. टेनेसीने तिला 17-0 ने हरवलं. मटेरियल टेस्टिंगच्या लॅबमध्ये आपण काँक्रीटचा क्यूब मशीनमध्ये ठेवून लोड वाढवत नेतो. कमी लोडवर थांबलो तर एकही तडा दिसणार नाही, पण त्या रिपोर्टवर सर सही करतील का? 1939 च्या क्यूबला पूर्ण लोड मिळाला एकदाच, आणि तो फुटला. 1938 च्या क्यूबला थोडे तडे आहेत, पण लोड पूर्ण घेऊन तो उभा आहे.

नीलंड यांची पुढची गोष्ट भरभर सांगते. 1941 मध्ये लष्कराने त्यांना परत बोलावलं. दुसर्‍या महायुद्धात ते ब्रिगेडियर जनरल झाले आणि चीन-ब्रह्मदेश-भारत आघाडीवर आले. काम कलकत्त्याच्या बाजूला, बंदरावर उतरलेला माल पुढे आसाम आणि चीनकडे पाठवायचं. भर पावसाळ्यात! म्हणजे हा माणूस आपल्या देशात राहून गेलाय आणि मला पत्ताच नव्हता. 1946 मध्ये पुन्हा कोच. तोवर सगळे नव्या टी फॉर्मेशनकडे वळले होते, हे मात्र आपल्या जुन्या सिंगल विंगलाच धरून बसले. दोन सीझन वाईट गेले, लोक म्हणू लागले म्हातार्‍याचं संपलं. 1951 मध्ये दहाच्या दहा जिंकून, मतदानात पहिले येऊन त्यांनी उत्तर दिलं, आणि नंतर बोलमध्ये मेरीलँडकडून 28-13 हरले. मतदान बोलच्या आधी व्हायचं ना! 1952 नंतर तब्येतीमुळे कोचिंग सोडलं, क्रीडा संचालक म्हणून मात्र शेवटपर्यंत राहिले. 28 मार्च 1962 ला न्यू ऑर्लीन्सला ते गेले.

त्याच वर्षी नदीकाठच्या स्टेडियमला त्यांचं नाव दिलं. 1921 मध्ये तिथे 3,200 माणसं बसायची, आता एक लाखाच्या वर बसतात. भाऊ मॅचला जातो तेव्हा मला फोटो पाठवतो, सगळं स्टेडियम केशरी. त्याला माझा 16 चा हिशेब पाठवला होता. त्याला अजिबात पटलेला नाही.